कोंबडी कोणी नेली?

(संस्थेच्या हितचिंतकांच्या नागपूर येथील वार्षिक मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



परसातील कोंबडीपालनाच्या कामाविषयी वीस मिनिटे बोला, असे मला सांगण्यात आले आहे. दरवर्षी आपण इथे आकडे ऐकता. किती घरांना पिल्ले दिली, किती अंडी झाली, किती पैसे हाती आले. आज मी आकडे फार सांगणार नाही. मला एक चूक कबूल करायची आहे आणि त्या चुकीतून मी काय शिकले ते सांगायचे आहे. त्या चुकीत तुमचाही पैसा होता, म्हणून ती तुमच्यासमोरच सांगणे योग्य.

काही वर्षांपूर्वी रामटेक तालुक्यात, पेंचच्या जंगलाच्या कडेला असलेल्या एका गोंड टोल्यावर आपण कोंबड्यांचे काम सुरू केले. प्रत्येक घराला दहा पिल्ले, थोडे खाद्य आणि खुराड्यासाठी जाळी दिली. पिल्ले सुधारित जातीची होती, यंत्रात उबवलेली, अंगाने भरणारी. तुमच्यापैकी अनेकांनी नाताळच्या दानातून ती दिली होती. पावसाळा संपल्यावर मी मोजणीला गेले. कुठे दोन उरल्या होत्या, कुठे तीन. टोल्याच्या टोकाला एक म्हातारी आजी एकटी राहते, तिच्याकडे एकही नव्हती.

मी विचारले, "आजी, कोंबड्या कुठं गेल्या?"

"जनावरानं नेल्या, बाई."

पुढच्या घरी तेच उत्तर. त्याच्या पुढच्या घरीही तेच. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आले की आपल्यासारख्यांना वाटते, यांनी आधीच ठरवून ठेवले आहे. आजी उठून वळचणीला खोवलेले एक फडक्याचे गाठोडे काढायला लागली. बाहेर जीप उभी होती, अंधार पडत होता. मी म्हणाले, "राहू द्या आजी, उशीर होतोय." आणि त्या रात्री अहवालात एक वाक्य लिहिले की लाभार्थ्यांनी पक्षी विकले किंवा खाल्ले असावेत.

त्या 'असावेत' शब्दामागे मी लपले होते. अहवाल नागपूरला आला, समितीने वाचला, आणि पुढच्या वर्षीच्या यादीतून त्या टोल्याचे नाव गेले. कोणी वाईट हेतूने काही केले नाही. पण एका वाक्याने वीसेक घरांना आपण न विचारता लबाड ठरवले.

पुढच्या वर्षी सिकलसेल तपासणीच्या शिबिरासाठी मी पुन्हा त्या टोल्यावर गेले. संध्याकाळी जोराचा पाऊस आला, नाला भरला आणि मला मुक्काम करावा लागला. आजीच्याच घरी जागा होती. तिने आता शेजारणीकडून एक गावरान कोंबडी आणून खुडूक बसवली होती, आणि ती पिल्ले घेऊन डालग्याखाली होती. झोपण्याआधी आजीने चुलीतली राख चाळणीने चाळली आणि डालग्याभोवती हातभर रुंदीचा पट्टा पसरला. मला वाटले, मुंग्यांसाठी असेल. मध्यरात्री कोंबडी ओरडली. आजी काठी आपटत उठली आणि काहीतरी कुडाच्या भिंतीखालून निसटले. सकाळी तिने मला हाताला धरून नेले आणि राख दाखवली. राखेत गोल गोल पावले उठली होती, चार बोटांची, नखांची खूण नसलेली.

"रानमांजर," आजी म्हणाली. मग तिने वळचणीतले तेच गाठोडे काढले. वर्षभर धुराने काळे पडले होते. "तवा तुमी पायलंच नाई, बाई."

ते गाठोडे तिने माझ्यासमोर सोडले. त्यात होती पिसे, एक वाळलेला पंख, कोंबडीचे दोन पाय आणि अंड्याची टरफले. कोणीतरी विचारायला येईल, तेव्हा दाखवता यावे म्हणून तिने ते जपले होते.

बंधुभगिनींनो, मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेली बाई. निर्गमाचा बाविसावा अध्याय मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्यात एक नियम आहे. कोणी आपले जनावर शेजाऱ्याकडे सांभाळायला दिले आणि ते हिंस्र पशूने फाडले, तर सांभाळणाऱ्याने उरलेला तुकडा पुरावा म्हणून आणून दाखवावा. मग त्याच्याकडून भरपाई घ्यायची नाही. आमोस संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायातही मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून दोन पाय किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो, असे चित्र आहे. तो तुकडा कशासाठी, हे मला कोणत्याही वर्गात नीट समजले नव्हते. त्या टोल्यावर समजले. तो तुकडा गरिबाची साक्ष असतो. आजीने नियमाप्रमाणे साक्ष आणली होती. ती पाहायला थांबले नाही ते मी.

त्या सकाळी आजीने गाठोड्यातली एकेक वस्तू उचलून मला सांगितले की कोणती कोंबडी कोणी नेली. पुढे मी पशुवैद्यकीय डॉक्टरांना आणि वनखात्याच्या माणसांना विचारून ते ताडून पाहिले. आजीचे बहुतेक सगळे खरे निघाले. ते मी आज तुम्हाला सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या गावाकडे, काहींच्या इथल्या अंगणातही कोंबड्या आहेत.

आधी पिसे. एकाच जागी पिसांचा गोल ढीग पडला असेल आणि पिसांचे दांडे अखंड असतील, तर ती उपटलेली आहेत. हे शिकारी पक्ष्याचे काम. शिक्रा दिवसा येतो, लहान आणि मधल्या वयाची पिल्ले उचलतो. अंगण मोकळे असेल तर घारही झडप घालते. कावळा आणि भारद्वाज अगदी लहान पिल्ले आणि अंडी नेतात. पण पिसांचे दांडे चावलेले किंवा तुटलेले असतील, पिसांना लाळ लागून गुच्छ झाले असतील, तर ते चार पायांच्या जनावराचे काम. वर पाहायचे की खाली पाहायचे, हे एवढ्या एका खुणेवरून ठरते.

मग तो पंख आणि दोन पाय. ते आजीला घरापासून थोड्या अंतरावर, लेंडीच्या झुडपात सापडले होते. रानमांजर कोंबडी जागेवर फारसे खात नाही. मान धरून आडोशाला नेते आणि तिथे पंख, पाय, पिसे टाकते. ते संध्याकाळी, रात्री किंवा पहाटे येते. अंगाने घरच्या बोक्यापेक्षा मोठे, पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाकडे काळी कडी. आपल्याकडे त्याहून लहान एक रानमांजरही आहे, वाघाटी. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांत तिची गणना होते. पूर्ण वाढली तरी वजन साधारण दीड किलोच्या आत. अंगावर तांबूस ठिपके असल्यामुळे तिची पिल्ले सापडली की लोक बिबट्याची पिल्ले म्हणून आरडाओरडा करतात. तीही रात्री खुराड्याकडे येते.

मुंगूस बहुतेक दिवसा येते, आणि आजीच्या भाषेत सांगायचे तर मूठ जाईल तिथून मुंगूस जाते. डोके आणि मान चावते. खुराड्यात शिरले तर एकावर थांबत नाही, चार-पाच पिल्ले मारते आणि एखादेच खाते. अंडे ते दगडावर आपटून फोडते, म्हणून टरफले खुराड्याबाहेर दगडापाशी पडलेली मिळतात. गाठोड्यातली टरफले तशीच होती.

उदमांजर रात्री छपरावरून येते. कौलातली फट किंवा भिंतीवरची मोकळी जागा त्याला पुरते. मोहफुले, बोरे, जांभळे हे त्याचे मुख्य खाणे, पण सापडली तर कोंबडीही सोडत नाही. भिंतीवर किंवा एखाद्या दगडावर बियांनी भरलेली विष्ठा पुन्हा पुन्हा त्याच जागी दिसली, तर उदमांजर घराजवळ आहे असे समजावे.

कोल्हा घराच्या आत सहसा शिरत नाही. झाडावर किंवा बाहेर उघड्यावर बसलेली कोंबडी उचलून दूर नेतो आणि मागे थोडी पिसेच राहतात.

मोकाट कुत्र्यांची खूण सगळ्यांत वेगळी. दार मोडलेले, जाळी ओरबाडलेली, खालून माती उकरलेली, कोंबड्या जिकडेतिकडे मरून पडलेल्या आणि खाल्लेली एखादीच. कुत्रा पुष्कळदा खेळ म्हणून मारतो. त्या टोल्यावर सगळ्यांत मोठे नुकसान एका रात्रीत झाले होते, आणि आजीच्या सांगण्यावरून ते महामार्गावरच्या ढाब्यांभोवती वाढलेल्या कुत्र्यांनी केले होते. आम्ही 'जनावर' म्हटले की वाघ-बिबट डोळ्यांपुढे आणतो. आजीच्या 'जनावर' शब्दात कुत्राही होता, मुंगूसही होते.

घूस आणि उंदीर लहान पिल्ले बिळात ओढून नेतात. पिल्लू कमी होते, रक्त दिसत नाही, पण कोपऱ्यात बीळ आणि ताजी माती दिसते.

घोरपड दिवसा येते, अंडी आणि पिल्ले खाते. राखेत तिच्या शेपटीची रेघ मधोमध आणि दोन्ही बाजूंना नखांची पावले उठतात.

शेवटी आजीने रिकामे झालेले फडके झटकले आणि म्हणाली, "सापाचं यात काई नाई. तो काईच ठेवत नाई." धामण किंवा नाग अंडे अख्खे गिळतो. टरफल नाही, पीस नाही, रक्त नाही. कधी पिल्लू मोठे निघाले तर गिळायला लागून तो सोडून देतो, आणि मग मेलेल्या पिल्लाचे डोके आणि मान ओली चिकट सापडते. ही खूण दिसली तर एक गोष्ट काळजीने करा. अंधारात खुराड्यात हात घालू नका. आधी बॅटरी, मग काठी, मग हात. अंडी काढताना हाताला साप चावण्याचा धोका खरा आहे. चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ वर फोन करून थेट सरकारी दवाखान्यात न्या.

राखेतली पावले ओळखणे अवघड नाही. चार बोटे, गोल, नखे नाहीत, तर मांजरवर्ग. चार बोटे, लांबट, पुढे नखांच्या खुणा, तर कुत्रा किंवा कोल्हा. पाच बोटे आणि नखे, तर मुंगूस किंवा उदमांजर. यापैकी दिवसा आले ते मुंगूस आणि रात्री आले ते उदमांजर, असे धरून चालायला हरकत नाही. नागमोडी रेघ म्हणजे साप.

अजून दोन शक्यता तपासल्याशिवाय कोणावरही आळ घेऊ नये. पहिली, कोंबडी मेली की मारली गेली? राणीखेत म्हणजे मानमोडीच्या साथीत कोंबड्या मरतात. मान वाकडी होते, हिरवट पातळ विष्ठा होते आणि आठवड्यात अंगण रिकामे होते. मेलेला पक्षी मग कुत्रा किंवा मांजर ओढून नेते, आणि दोष त्याच्यावर येतो. जखम पाहा. जिवंतपणी चावले असेल तर कातडीखाली रक्त साकळते. मेल्यावर चावले असेल तर जखम कोरडी राहते. एका आठवड्यात अनेक कोंबड्या पटापट मेल्या तर मात्र उघड्या हाताने त्यांना शिवूही नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ साली भारतातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, आदिवासी भागातच, आढळला होता. आणि २०२४ च्या डिसेंबरअखेर आपल्या नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट मेले, तेही बर्ड फ्लूनेच, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. म्हणजे शिकार करणाऱ्यालाही शिकारीचा रोग लागतो.

दुसरी शक्यता जरा आनंदाची. कोंबडी खुडूक होऊन कुठेतरी झुडपात लपून अंड्यांवर बसली असेल. एकवीस दिवसांनी ती पिल्ले घेऊन आपल्या पायांनी घरी येते. आणि तोवर ज्या शेजारणीला आपण चोर म्हटलेले असते, तिच्या अंगणातूनच ती चालत येते.

हसू नका. हे हसण्यासारखे राहत नाही. कोंबडी नाहीशी होणे ही लहान गोष्ट, पण त्यावरून सुरू झालेला संशय लहान राहत नाही. एकट्या राहणाऱ्या बाईवर आधी चोरीचा आळ येतो, मग तिची नजर वाईट असल्याचे बोलले जाते, आणि मग पुढचे सगळे. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. त्या टोल्यावर त्या पावसाळ्यात आजीबद्दलही कुजबुज झाली होती. सगळ्यांच्या कोंबड्या गेल्या, तिच्याही गेल्या, तरीही कुजबुज तिच्याबद्दल. तिने गाठोडे जपले ते माझ्यासाठी तर होतेच, पण तिच्या स्वतःच्या संरक्षणासाठीही होते.

खूण न तपासता निष्कर्ष काढला की काय होते, हे पवित्र शास्त्रात एका घराच्या कथेत आहे. उत्पत्तीचा सदतिसावा अध्याय आठवा. योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याचे भाऊ बापापुढे ठेवतात, आणि याकोब लगेच ठरवतो की हिंस्र पशूने मुलाला खाल्ले. झगा फाटला आहे का, दातांची खूण आहे का, हाड सापडले का, काही पाहिले नाही. शोकात माणूस पाहू शकत नाही, हे खरे. पण त्या एका न तपासलेल्या खुणेमुळे तो वर्षानुवर्षे रडत राहिला, आणि खरे गुन्हेगार त्याच्याच शेजारी जेवत होते. तिथे माणसाचा दोष जनावरावर घातला गेला. मी उलट केले. जनावराचे काम माणसांवर घातले.

आपल्या नागपूरच्या मिशनकार्याला खुणा वाचण्याची परंपरा आहे, हेही मला नंतर आठवले. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले. शाळा काढली, सुवार्ता सांगितली, पण त्यासोबत या भागातले दगड फोडून त्यांतले पानांचे ठसे गोळा केले आणि प्रधानांच्या तोंडून गोंडांची गाणी ऐकून लिहून घेतली. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते नाल्याच्या पुरात वाहून गेले. त्यांची गोंडांविषयीची टिपणे १८६६ साली रिचर्ड टेम्पल यांनी छापली. आधी ऐकावे, पाहावे, मग लिहावे, हा त्यांचा क्रम. मी त्याच नगरात शिकून उलट्या क्रमाने लिहिले.

आता आपल्या योजनेची चूक. त्या सकाळी आजीसोबत मी आपणच दिलेली खुराडी पाहिली. आपण दिलेली जाळी षटकोनी भोकांची, पातळ तारेची होती. अशी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण जनावराला बाहेर ठेवत नाही. रानमांजर आणि कुत्रे ती दाताने आणि नखाने फाडतात, मुंगूस खालून उकरून शिरते. खुराडी जमिनीवर टेकलेली होती. दाराला नुसती कडी होती, जी धक्क्याने उघडे. आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे आपण आई नसलेली पिल्ले दिली. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना धोका शिकवायला कोणी नव्हते. अंगाने जड असल्यामुळे ती झाडावरही उडून बसत नव्हती. गावरान कोंबडी मातीच्या रंगाची, हलकी, सावध. आपण दिलेल्यांत काही पांढरीशुभ्र होती, आभाळातून दुरूनही दिसणारी.

गावरान कोंबडीबद्दल आजीने एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. कोंबडी दोन तऱ्हेने ओरडते. आभाळात शिक्रा दिसला तर एक बारीक, लांब आवाज काढते आणि पिल्ले असतील तिथे दबून बसतात. जमिनीवरून मांजर किंवा मुंगूस आले तर तुटक, मोठ्याने कटकटाट करते आणि पिल्ले पळतात. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही हेच नोंदवले आहे की वरच्या आणि खालच्या शत्रूसाठी कोंबडीची हाक वेगळी असते. आजी घरात बसून नुसत्या आवाजावरून सांगायची की वर पाहू की खाली पाहू.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू हेरोदाला खोकड म्हणतो, आणि दोनच वचनांनंतर पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचे उदाहरण स्वतःसाठी देतो. खोकड आणि कोंबडी एकाच उताऱ्यात. हे मी कितीदा वाचले होते. पण पंखांखाली घेण्याआधी कोंबडी हाक मारते, ती हाक पिल्लांना कळावी लागते, आणि आपण आई काढून घेऊन नुसती पिल्ले वाटत होतो, हे ध्यानात आले नव्हते.

आता काही जण विचारतील, मग त्या जनावरांचे काय करायचे? गावात त्याचे एक सोपे उत्तर असते. अर्धवट खाल्लेल्या कोंबडीवर शेतातले कीटकनाशक टाकायचे, किंवा कुंपणाच्या तारेत वीज सोडायची. हात जोडून सांगते, हे कोणालाही करू देऊ नका. विष टाकलेले मांस घरचा कुत्रा खातो, घुबड खाते, आणि त्या हाताने मूल भाकरी खाते. विजेच्या तारेने आपल्या विदर्भात वाघही मेले आहेत आणि शेतात रात्री निघालेली माणसेही मेली आहेत. शिवाय रानमांजर, वाघाटी, मुंगूस, उदमांजर, कोल्हा, घोरपड, शिक्रा या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कोंबडी गमावलेल्या माणसाला त्यावर पोलीस आणि कोर्टाची वारी नको. आणि रानमांजर, धामण, घुबड हे वर्षभर उंदीर खातात, म्हणून धानाच्या कणग्या शाबूत राहतात. आजी म्हणाली, "ते चोर हाय, पण राखणदारबी तेच हाय." तिला त्याला मारायचे नव्हते. तिला फक्त दार नीट हवे होते.

तर आम्ही दार नीट केले. आता टोल्यावर जे करतो ते थोडक्यात सांगते. खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, बांबू आणि लाकडाचे, गावातलेच सुतार करतात. जाळी अर्ध्या इंची चौकोनी भोकांची, जाड वेल्डेड तारेची. जमिनीवरच खुराडे असेल तर जाळी एक फूट मातीत पुरून बाहेरच्या बाजूला वाकवायची, म्हणजे उकरणारे जनावर जाळीवर येते. कडीला तारेचा पीळ किंवा खुंटी. दिवस मावळायच्या आत दार बंद, मोजूनच. लहान पिल्ले डालग्याखाली आणि डालग्यावर दगड. खुराड्याभोवतीचे गवत आणि झुडूप काढलेले, म्हणजे लपायला जागा नाही. अंडी रोज संध्याकाळी उचललेली. आणि पिल्ले देताना आता खुडूक गावरान कोंबडीखाली उबवलेली देतो, आईसकट. मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने वेळेवर. आणि प्रत्येक घरी एक चाळणी आणि राखेचा पट्टा. कोंबडी गेली तर सकाळी आधी राख पाहायची, मग बोलायचे. टोल्यावरच्या मुली आता वहीत तारीख, वेळ, काय उरले आणि राखेत काय दिसले ते लिहितात.

आता सगळ्या कोंबड्या वाचतात, असे मी म्हणणार नाही. जंगलाच्या कडेला राहायचे तर जंगलाचा वाटा जातोच. पण गेली तर कोणी नेली ते कळते, आणि कोणा माणसाचे नाव खराब होत नाही.

मी त्या टोल्यावर सगळ्यांना एकत्र बोलावून माफी मागितली. अहवालातले वाक्य वाचून दाखवले. एक म्हातारा म्हणाला, "बाई, आमाले वाटलं तुमाले कळलं असंल." बाकी कोणी काही बोलले नाही. आजीने चहा केला. मी समितीला दुसरे पत्र लिहिले आणि पहिले वाक्य मागे घेतले. टोल्याचे नाव पुन्हा यादीत आले, याबद्दल समितीचे आभार.

तुमच्याकडे माझी दोन मागणी आहेत. पहिली, पिल्लासाठी दान देता तेव्हा खुराड्यासाठीही द्या. पिल्लाचा फोटो छान येतो, जाळीचा येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण जाळीशिवाय दिलेले पिल्लू म्हणजे रानमांजराला दिलेले जेवण. दुसरी, आमच्यासारख्यांच्या अहवालात 'असावेत', 'असेल', 'दिसते' असे शब्द आले की आम्हाला विचारा, तुम्ही पाहिले का? राखेत काय होते? गाठोडे सोडले का?

ते गाठोडे आता माझ्याकडे आहे. आजीने ते मला दिले. कार्यालयात माझ्या टेबलाच्या खणात ठेवले आहे, आणि अहवाल लिहायला बसले की आधी तो खण उघडते.